पिलाताची तीन वर्षं : यहूदियाच्या प्रुटा-संग्रहाची खबरबात

अखेर सतरावं वर्ष हाती आलं! रोमच्या ताब्यातल्या यहूदियाचा (आजच्या इस्रायलच्या भागातला प्रांत) अधिकारी पंतय पिलात याने जेरुसलेममध्ये पाडलेल्या ब्राँझच्या प्रुटांवर, म्हणजे छोट्या नाण्यांवर, तिबेरियस सम्राटाच्या कारकिर्दीची तीनच वर्षं दिसतात: 16, 17 आणि 18, म्हणजे इ.स. 29 ते 32 च्या दरम्यानची. आता तिन्ही माझ्या ट्रेमध्ये शेजारी-शेजारी आहेत.

सोळावं ओळखायला सोपं. एका बाजूला रोमन पूजाविधीतली लांब दांड्याची पळी, दुसरीकडे जवाची तीन कणसं आणि सम्राटाची आई यूलिया हिचं नाव. 17 आणि 18 मात्र डोळ्यांची परीक्षा घेतात. दोन्हींवर शकुन पाहणाऱ्या रोमन पुरोहिताची वाकड्या मुठीची काठी, दोन्हींच्या मागे पुष्पचक्र. फरक फक्त चक्राच्या आतल्या शेवटच्या ग्रीक अक्षराचा: झीटा असेल तर 17, ईटा असेल तर 18. झिजलेल्या नाण्यावर हे अक्षर समोरच्या उजेडात दिसत नाही. दिवा जवळजवळ टेबलाला टेकवून तिरपा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. शिवराई जमवणाऱ्यांना पुढची अडचण ओळखीची वाटेल: ठसा सरकलेला, म्हणून निम्मी अक्षरं चकतीच्या बाहेर. चकत्या चुनखडीच्या साच्यात माळेसारख्या ओतून मग तोडत, त्यामुळे कडेला तुटल्याची खूण राहते. ती खूण मला फार आवडते. ती घासून नाणं गोल करू नका.

माझ्या दृष्टीने पळी आणि काठी या चिन्हांमुळेच हा सगळा संच महत्त्वाचा ठरतो. पिलाताआधीच्या रोमन अधिकाऱ्यांनी खजुराचं झाड, कणसं अशी यहुदी लोकांना न खुपणारी चिन्हं वापरली. रोमन पूजेची साधनं नाण्यावर आणली ती पिलाताने.

सफाईबाबत माझं मत ठाम आहे: डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश आणि भरपूर सबुरी. लिंबू, चिंच, व्हिनेगर अजिबात नको, पॅटिना, म्हणजे जुन्या धातूवर काळाने चढलेला थर, गेला की परत येत नाही. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर ते नाणं लगेच वेगळं ठेवा आणि डबीत सिलिका जेल टाका. पिवळसर वाळूचा थर पाहून भाळू नका. तो बऱ्याचदा नंतर चिकटवलेला असतो, उठाव जास्त स्पष्ट दिसावा म्हणून.

सतरावं घेताना याहून देखणा एक नमुना मी सोडला, कारण त्याच्यासोबत एकही कागद नव्हता. इस्रायलच्या 1978 च्या कायद्यानुसार त्यानंतर सापडलेली पुरावस्तू सरकारची असते आणि देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. जुनी पावती, लिलावाचं पान, निर्यात परवाना, यांतलं काहीच नसेल तर ते नाणं एखाद्या टेकाडावर रातोरात खणून काढलेलं असू शकतं, आणि मग ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होतं हे कायमचं पुसलं जातं. अस्सलपणाचा प्रश्न वेगळाच. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (प्राचीन यहुदी हस्तलिखितांचे) म्हणून ठेवलेले सोळाच्या सोळा तुकडे 2020 मध्ये बनावट निघाले. तिथे हे घडतं, तर आपण किती जपायला हवं!

पुढचं लक्ष्य यहूदियाचा राजा पहिला अग्रिप्पा याचा प्रुटा, त्याच्या कारकिर्दीच्या सहाव्या वर्षाचा: झालरीचं राजछत्र आणि मागे तीन कणसं. हे नाणं दुर्मीळ नाही, पण झालर नीट उमटलेलं हवंय. ज्यांच्याकडे आहे त्यांनी वजन आणि कडेचा फोटो जरूर पाठवा.