देवीचा पाझर आणि भाऊबंदांची पाळी

मंगळवारी आणि शुक्रवारी पाझर वाढतो, असं त्या घरातल्या सूनबाई सहज बोलून गेल्या, आणि माझं अर्धं काम तिथंच झालं.

नाशिकहून वणीकडे जाताना आत वळलं की हे लेणं लागतं. गावाचं आणि घराण्याचं नाव सांगत नाही. डोंगराच्या कडेत कोरलेल्या दोन खोल्या, पुढं ओसरी, बाजूला पाण्याचं टाकं. आतल्या खोलीत देवीचा शेंदरी तांदळा. कोरीवकाम म्हणाल तर नावालाच. पण चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जाणारे भाविक इथं हमखास टेकतात, नवरात्रात रांग लागते, एरवी शाळांच्या सहली येतात. सातबारा घराण्याच्या नावावर. लेणं कुठल्याही संरक्षित यादीत नाही. केंद्राच्या यादीत असतं तर शंभर मीटरच्या आत नवी वीट रचता आली नसती, आणि मला बोलावण्याची वेळही बहुधा आली नसती.

जुन्या वास्तूंच्या डागडुजीची कामं मी करते. इथं तक्रार अशी होती, की आतल्या भिंतीचे पापुद्रे सुटतायत.

पूजेला घराण्याच्या तीन पात्या, म्हणजे शाखा आहेत: थोरली, मधली, धाकटी. गुढीपाडव्याला पाळी बदलते. ज्याची पाळी त्याचा गल्ला. खर्च मात्र कुणाच्याच पाळीत बसत नाही, आणि झालाच तर लोकांच्या डोळ्यांत भरेल असाच होतो. भिंती वाचता येत असतील तर घराण्याचा अलीकडचा इतिहास तिथं लिहिलेलाच आहे. एका पाळीत ऑइलपेंट लागला, एकीत जमिनीला चकचकीत फरशी आली, एकीत भेगा सिमेंटनं बुजल्या, एकीत हॅलोजन बसले. हॅलोजनखाली हिरवं शेवाळ धरलं, तेव्हा ते ॲसिड मारून घासून काढलं. दगडाचं कातडंच गेलं. यातलं काहीही वाईट हेतूनं केलेलं नाही, हीच तर अडचण असते. वाईट हेतूवाल्याला निदान थांबवता येतं.

आपला दगड बेसॉल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक, आणि मधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा. पाणी भेगांमधून उतरतं, त्या पट्ट्याशी अडतं आणि आडवं पसरून कुठंतरी बाहेर पडतं. पावसाळ्यात लेण्यात ओल येणं नवल नाही. पण मी गेले ते ऐन चैत्रात. बाजूचं टाकं कोरडं ठणठणीत, आणि तांदळ्याच्या मागून थेंब थेंब गळतंय. खाली तांब्याचा गडू. हेच देवीचं तीर्थ. आजी पळीनं हातावर घालायच्या.

सूनबाईंचं वाक्य ऐकलं आणि मी विचारलं, “मंगळवार-शुक्रवार गर्दी असते ना?”

“तर! मुक्कामाला माणसं असतात ना, वर भक्तनिवासात.”

वर म्हणजे बरोबर लेण्याच्या डोक्यावर. धाकट्या पातीनं सहा खोल्यांचं भक्तनिवास बांधलं होतं, मागं संडास-मोऱ्या आणि शोषखड्डा. भिंतीवर जो पांढरा क्षार फुलला होता तो बोटानं टिपून पाण्यात कालवला, नायट्रेटची पट्टी बुडवली. ती बघता बघता गडद गुलाबी झाली, म्हणजे पाण्यात मैलापाणी मिसळत असणार. पण पट्टीवर भाऊबंदांचा विश्वास बसणार नव्हता. मी धाकट्या काकांना म्हटलं, खड्ड्यात रंग घालून बघू या का?

“घाला खुशाल. आमचा खड्डा पक्का आहे.”

आजींना सांगून तीर्थ बंद ठेवलं. सकाळी वर फ्लोरेसिन हा चमकणारा रंग ओतला, मागून दोन-चार बादल्या पाणी. नोटा तपासायचा निळा दिवा घेऊन आत थांबले. बाहेर रांग सरकत होती, घंटा वाजत होती. दुपार कलली तेव्हा गडूतलं पाणी पिवळट दिसायला लागलं. वर दिवा धरला तर पोपटी हिरवं लखलखलं. थोरले काका माझ्या शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. आजींनी आत येऊन पाहिलं, गडू उचलला आणि पाणी बाहेर घाणेरीच्या जाळीत ओतून आल्या.

मग ओसरीवर जे भांडण झालं ते सगळं लिहीत नाही. शोषखड्डा हलवायचा खर्च कुणाचा, इथं गाडी अडली. धाकटे म्हणत, पाळी थोरल्यांची, त्यांनी करावं. थोरले म्हणत, खड्डा तुमचा. मधले गप्प, पुढच्या पाडव्याला पाळी त्यांची होती.

मी त्यांना आपल्या पांडवलेण्यांतलं सांगितलं. गौतमी बलश्रीनं, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनं, तिसऱ्या क्रमांकाचं लेणं दान दिलं. लेख त्या लेण्याला ‘देवी लेण’ म्हणतात. लेणं कोरून राजघराणं मोकळं झालं नाही. देखभालीसाठी गावाचं उत्पन्न लावून दिलं, आणि तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या २२व्या वर्षी सुदसन गावाच्या बदली सामलिपद नावाचं गाव दिलं. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख. त्यानं ३००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवली. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्याला मालक असून भागत नाही, निधी लागतो, हे नाशकात दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

“ते राजे होते, मॅडम,” मधले काका म्हणाले.

“विणकर राजे नव्हते. हिशेब त्यांनीच ठेवला.”

फ्रान्समधल्या लास्कोचंही सांगितलं. ती चित्रगुहाही एका घराण्याच्याच जमिनीत. १९४०मध्ये सापडली, १९४८मध्ये लोकांसाठी उघडली, दिवसाला १२००पर्यंत माणसं. श्वासांनी आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ आलं, १९६३मध्ये सरकारला बंद करावी लागली. हे थोरल्यांच्या मुलाला जास्त पटलं, कारण गुहा बंद म्हणजे गल्ला बंद.

शेवटी ठरलं ते असं: पाळी राहील, पण गल्ल्यातला ठरावीक हिस्सा तिन्ही पात्यांच्या सह्यांच्या खात्यात आधी जाईल, उरलेला ज्याचा त्याचा. शोषखड्डा बुजवून संडास उताराला, लेण्याच्या खालच्या अंगाला न्यायचे. हॅलोजन काढून थंड एलईडी, तेही माणूस आत असेल तेवढाच वेळ. सिमेंट हातानं खरवडून चुन्यानं भेगा भरायच्या. ऑइलपेंटला मी अजून हात लावलेला नाही. तो ओढून काढला तर खालचा दगडही येतो.

पुढच्या चैत्रात गेले तेव्हा भिंत कोरडी होती, पाझर आटला होता. भाविक मात्र तीर्थ मागतात, म्हणून गडूत आता रामकुंडावरून आणलेलं गोदावरीचं पाणी असतं. ते तपासायला मला कुणी बोलावलेलं नाही.