सगाडाच्या एको व्हॅलीतल्या टांगलेल्या शवपेट्या

फिलिपिन्समधल्या सगाडात उतरल्यावर आधी नगर पर्यटन कार्यालय गाठा. नाव नोंदवून पर्यावरण शुल्क भरा आणि पावती खिशातच ठेवा, वाटेत दाखवावी लागते. गाइडही तिथेच ठरतो, तो सक्तीचा आहे. त्याचा दर सहसा गटामागे असतो. एकटे असाल तर रांगेतल्या आणखी दोघातिघांना विचारून गट करावा.

वाट सेंट मेरी चर्चच्या मागून, दफनभूमीतून जाते. लोक ती भराभर ओलांडतात, तसं करू नका. १ नोव्हेंबरला इथे मेणबत्त्यांऐवजी कबरींवर ‘सालेंग’, म्हणजे राळेने भरलेल्या पाइनच्या ढलप्या पेटवतात. पाइनचं लाकूड इथल्या मरणाशी किती जोडलेलं आहे, ते पुढे कड्यावर दिसतंच. टेकडीवरून खाली पाइनच्या रानात उतार लागतो. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ओल्या कातळाचा सराव असतो, इथे मात्र कोरड्या पाइनच्या सुयाच पाय घसरवतात. पाय आडवा टाकत उतरा. सावकाश चाललं तरी अर्ध्या-पाऊण तासात समोर चुनखडीचा कडा आणि त्यावर टांगलेल्या शवपेट्या येतात.

पेट्या लहान दिसल्या म्हणून त्या मुलांच्या समजू नका. पोटातल्या बाळासारखं गुडघे छातीशी घेतलेलं शरीर मावेल एवढंच हे कोरलेलं पाइनच्या ओंडक्याचं पोट असतं. आलास तशा आसनात जा, ही त्यामागची समजूत. काही म्हातारी माणसं आपली पेटी हयातीतच स्वतः कोरून ठेवत. कड्यात ठोकलेल्या आधारांवर पेटी ठेवून तारेने बांधतात. बाजूला लटकणाऱ्या लाकडी खुर्च्या बघायला विसरू नका. मृताला वेताने बांधून, घोंगडीत गुंडाळून ज्या खुर्चीत बसवत आणि खाली धूर करत, ती ही ‘सांगाडिल’. कड्यावर टांगलं जाण्याचा मान सगळ्यांना मिळत नसे. वय होऊन, नातवंडं पाहून गेलेल्यांनाच तो मिळे. लांब पेट्या अलीकडच्या. त्यांच्यावर नावं आणि क्रूसही दिसतात. ‘इगोरोत’ हे डोंगरी लोकांचं एकत्रित नाव झालं. इथले लोक कंकनाय, तेव्हा गाइडला त्याच्या आजी-आजोबांच्या प्रथांबद्दल विचारलंत तर तो जास्त खुलतो.

दरीचं नाव एको, म्हणजे प्रतिध्वनी, म्हणून ओरडून बघायचा मोह होतो. ओरडू नका, ही स्मशानाची जागा आहे. पेटीला हात लावणं, पडलेली फळी उचलणं तर नकोच. दुर्बीण मात्र जरूर न्या, खालून बारकावे दिसत नाहीत.

पुढे लातांगची भुयारी नदी आणि बोकोंग धबधबा करायचा असेल तर साधारण तीन तास धरा. बूट भिजणारच, पकड असलेल्या सँडल बऱ्या. लुमियांग गुहेच्या तोंडाशी शंभराहून जास्त पेट्या रचलेल्या आहेत, काहींवर सरडा कोरलेला आहे. फक्त तेवढंच बघायचं असेल तर गाइडला आधीच ‘तोंडापर्यंतच’ असं सांगा, नाहीतर पलीकडच्या सुमागिंग गुहेपर्यंतची दोर आणि पाण्यातली तीन-चार तासांची गुहावारी गळ्यात पडेल.

एक दिवस हाताशी राखून ठेवा. ‘बेग्नास’ या शेतीशी जोडलेल्या विधीच्या वेळी ‘ओबाया’, म्हणजे कामबंदीचा दिवस, पाळला गेला की वाटा बंद होतात, आणि तारीख वडीलधारी मंडळी ऐनवेळी ठरवतात. जून ते ऑक्टोबरमध्ये बागिओहून येणाऱ्या हॅल्सेमा रस्त्यावर दरडी कोसळतात; एरवी त्या वाटेला पाच-सहा तास लागतात. रोख रक्कम खालच्या शहरातूनच आणा. परतीच्या बस दुपारी लवकर संपतात, म्हणून कड्याची वाट आदल्या दिवशी सकाळीच उरका.