आर्थर्स सीट : डनसापीच्या बाजूने

एडिनबराच्या हॉलीरूड पार्कात बहुतेक पर्यटक राजवाड्याकडून आर्थर्स सीट ही विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी चढतात. मी सांगेन, डनसापी लॉखच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावरून चढा. वाट सोपी आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेकडीवरचा प्राचीन किल्ला त्या अंगाला आहे.

किल्ला म्हटलं की आपली नजर बुरूज आणि दरवाजा शोधते. इथे तसलं काही नाही. तळ्यावरून थोडं वर गेलं की गवतातून दगडांचा एक बुटका बांध आडवा येतो, त्याच्या जोडीला दुसरा. आजूबाजूला गोर्सची काटेरी झुडपं. मे महिन्यात ती पिवळीजर्द फुललेली होती आणि उन्हात त्यांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येत होता. हे बांध म्हणजेच तट! बाकीच्या बाजू कड्यांनी राखलेल्या. चढ जिथे सोपा, नेमके तिथेच माणसांनी दगड रचले. सह्याद्रीत हिंडलेल्याला ही अक्कल लगेच ओळखू येते. पार्कात असे चार प्राचीन गिरिदुर्ग आहेत, त्यातला एक तळ्यापलीकडच्या डनसापी टेकडीवर. तट रचणाऱ्यांनी हे तळं मात्र पाहिलं नव्हतं, ते १९व्या शतकात केलेलं. नैसर्गिक आहे ते दक्षिणेचं डडिंगस्टन लॉख. १७७८ मध्ये त्याच्या गाळातून कांस्ययुगातल्या मोडक्या तलवारी आणि भाले निघाले.

माथा २५१ मीटर. वारा उभं राहू देत नाही, पण उत्तरेला फोर्थची खाडी आणि पश्चिमेला एडिनबराचा किल्ला दिसतो. तो किल्लाही ज्वालामुखीच्या खडकावरच उभा आहे.

उतरून मी क्वीन्स ड्राइव्हने सॅमसन्स रिब्जखाली गेलो. इथे मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो. थंड होताना आक्रसलेल्या बेसॉल्टचे बहुकोनी खांब, एकाला एक चिकटून उभे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरही असेच खांब आहेत, पण आपला दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा आणि हा सुमारे ३४ कोटींचा. मूळ ज्वालामुखीचा बराचसा भाग पुढे झिजला, हिमनद्यांनीही तासला.

शेजारचे सॉल्सबरी क्रॅग्जचे कडे माणसांनीही फोडले. तिथला दगड रस्त्यांच्या फरसबंदीसाठी थेट लंडनला जायचा. लोकांनी विरोध केला, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १८३१ मध्ये खाणकाम थांबलं. खडी क्रशरखाली गेलेल्या आपल्याकडच्या टेकड्या डोळ्यांसमोर आल्या. तो खटला लढणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानले.