तुम्ही विचारलंत म्हणून: रणगाड्याचे बारीक भाग कशाचे करावेत?

माझी रणगाड्यांची छोटी मॉडेलं पाहिली की बहुतेक जण एकच विचारतात: हे एवढे बारीक भाग कशाचे केलेत? प्लास्टिक घ्यावं, पितळ घ्यावं की तांब्याची तार? विचारणाऱ्याला एखाद्या सामानाचं नाव हवं असतं. मी मात्र त्यालाच विचारतो, खऱ्या रणगाड्यावर तो भाग कशाचा होता आणि त्याला धक्का बसला की काय व्हायचं? वाकायचा, लोंबायचा, की जागच्या जागी राहायचा? माझ्या लेखी सामान यावरूनच ठरतं. चकाकीचा विचार करूच नका, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) बसला की पितळ आणि प्लास्टिक सारखंच दिसतं.

दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा पँझर ४ रणगाडा घ्या. १९४३ मध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पोलादी पत्रे टांगायला सुरुवात झाली, त्यांना शुर्त्सेन म्हणत. सोव्हिएत पायदळाच्या १४.५ मिमी रणगाडाविरोधी रायफलींपासून बाजूचं चिलखत वाचावं, हा त्यामागचा मुख्य हेतू. बाजूचे पत्रे ५ मिमीचे, टरेटभोवतीचे (म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाभोवतीचे) ८ मिमीचे. माझ्या मॉडेलांच्या १/३५ प्रमाणात हे होतात ०.१४ आणि ०.२३ मिमी. मॉडेलच्या तयार किटमधला प्लास्टिकचा पत्रा साच्यातून निघतो, त्यामुळे तो इतका पातळ नसतो. तो एक मिलिमीटरचा असला, तर हिशेबाने खऱ्या रणगाड्यावर ३५ मिमीची प्लेट लटकवल्यासारखं झालं! स्टायरीन या प्लास्टिकची शीट ०.१३ आणि ०.२५ मिमीमध्ये मिळते, म्हणजे माप जवळजवळ तंतोतंत. तरी बाजूच्या पत्र्यांना मी ती वापरत नाही. ते नुसते अडकवलेले असत; झाडाला, भिंतीला घासून वाकत, निखळून पडत. प्लास्टिक वाकवलं तर सोडल्यावर सरळ होतं, जास्त वाकवलं तर पांढरं पडून मोडतं. म्हणून तिथे ०.१३ मिमीचा पितळी पत्रा. गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार केला की तो इतका नरम पडतो की कोपरा चिमटीत धरून मुडपता येतो. टरेटभोवतीचे पत्रे मात्र पक्के बसवलेले आणि गोलाईचे. तिथे ०.२५ची स्टायरीन नळीभोवती गुंडाळून, चिकटपट्टीने बांधून वर उकळतं पाणी ओतायचं, गोलाई कायमची राहते.

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये गेलात, तर सेंच्युरियन आणि विजयंता या रणगाड्यांसमोर उभं राहून तोफेआधी मडगार्ड बघा. एकाच गाडीवर जाड ओतीव पोलाद आणि साधा पत्रा किती वेगळे दिसतात, ते फोटोत कळत नाही. मडगार्डसाठी मला मलमाची रिकामी अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब सगळ्यात आवडते. कापून, उलगडून, धुऊन घ्यायची. जाडी साधारण ०.१ मिमी, म्हणजे खऱ्या मापात साडेतीन. बोटाने दाबलं की पोचा येतो आणि तो तसाच राहतो.

हँडलं गोल सळईची असतात. फोटोएच, म्हणजे रसायनाने कोरून काढलेल्या पितळेच्या चपट्या पट्टीची हँडलं मला पाहवत नाहीत, कितीही महागाचा सेट असो. १६ मिमीची सळई १/३५ मध्ये ०.४६ होते, म्हणून ०.५ची तांब्याची तार, आणि तिच्या टोकांसाठी पिन वाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) पाडलेली दोन भोकं. भोकं टाळू नका. फेविक्विकचा जोड आडव्या धक्क्याला टिकत नाही, तारेला खरा आधार भोकाचाच असतो. हेडलाइटच्या वायरला सोल्डरची तार, कारण ती स्वतःच्या वजनाने झोळ घेऊन पडते. तिच्यात शिसं असतं, काम झालं की हात धुवा.

मग प्लास्टिक आणखी कुठे? वेल्डिंगच्या शिवणीला. इथे मी दुसऱ्या कशालाही हात लावत नाही. स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा मेणबत्तीवर, ज्योतीला न टेकवता, मऊ करून ताणायचा, केसासारखा धागा निघतो. तो सांध्यावर ठेवून वरून मॉडेलचं पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा गोंद, दोनतीनदा फिरवायचं. हे सिमेंट प्लास्टिक विरघळवतं. धागा लोण्यासारखा झाला की सुरीच्या टोकाने एकमेकांलगत अर्धचंद्राचे ठसे उमटवायचे. खरी शिवण वितळलेल्या धातूची असते, आणि वितळणारं सामानच तिची नक्कल करू शकतं. ही शिवण जमली, की पाहणाऱ्याला त्या दोन प्लेटांचं वजन जाणवतं. या कामात मला सर्वाधिक आनंद देणारी गोष्ट हीच.

ताडपत्री पसरलेली असेल तर फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर, त्याच्या घड्या आपोआप पडतात. गुंडाळलेली असेल तर टाल्कम पावडरवर पातळ लाटलेली इपॉक्सी पुट्टी.

सुरुवात करणाऱ्याला मी ०.२५ आणि ०.५ची स्टायरीन, ०.५ची तांब्याची तार आणि एक रिकामी ट्यूब एवढंच सांगतो. पितळ नंतर घेता येईल. मात्र व्हर्नियर कॅलिपर या सगळ्याआधी घ्या. ५ मिमीचा पत्रा १/३५ मध्ये किती पातळ होतो, ते व्हर्नियरच्या जबड्यात धरून पाहिल्याशिवाय डोळ्यांना पटत नाही.