पगार नाही, मग का धावता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वाशीच्या सागर विहारला फिरायला येणारे असोत की माझ्या ऑफिसातले, प्रश्न एकच असतो: 'तटरक्षक दल आहे, पोलीस आहेत, अग्निशमन दल आहे; मग खाडीत कुणी बुडत असेल तर तुम्ही कोळीवाड्यातली माणसं फुकटात का धावता?'

कारण आम्ही जवळ असतो. पाणी तोंडात जाऊ लागलं की माणसाकडे मोजकी मिनिटं उरतात, आणि सरकारी बोट कितीही तातडीने निघाली तरी तिला अंतर कापावंच लागतं. वाशीगाव, सारसोळे, दिवाळे इथल्या होड्या खाडीतच असतात. शिवाय आमच्या नाखव्यांना, म्हणजे होडी चालवणाऱ्यांना, पाण्याचा अंदाज असतो. भरतीत पडलेला माणूस खाडीत आत, ऐरोलीच्या अंगाला वाहत जातो, ओहोटीत समुद्राकडे, घारापुरीच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ एवढी असते की पडला त्याच जागी शोधत बसलं तर वेळ हातचा जातो. पूर्ण ओहोटीला काठाशी नुसता चिखल. मदतीला उतरणाराही त्यात रुततो.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा तो गप्प असतो. डोकं मागे पडलेलं, तोंड जेमतेम पाण्याच्या वर, सगळी ताकद श्वास घेण्यात. त्याच्याजवळ होडी नेताना इंजिन आधीच न्यूट्रल करायचं, नाहीतर पंखा लागतो. मग बोया बांधलेला दोर टाकायचा. उडी अगदी शेवटी, कारण घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघंही जातात. वर घेतल्यावर पोट दाबून पाणी काढायची आपल्याकडची रीत जुनी आहे, आणि ती मोडायला मला अजून प्रत्येक वेळी वाद घालावा लागतो. पोट दाबलं तर उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायला लागायचं.

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जण गेले. बाकीच्यांना वाचवायला नौदल आणि तटरक्षक दलाबरोबर आसपासच्या बोटीही धावल्या होत्या. तेव्हापासून लाइफ जॅकेटची सक्ती झाली, पण बाकाखाली गाठोडं बांधून ठेवलेलं जॅकेट काय कामाचं? पाण्यात पडल्यावर ते अंगात चढत नाही. चढताना घाला, सगळे पट्टे आवळा, आणि शेजाऱ्याला खांद्याला धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पोहता येतं म्हणून नको म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतो, डोक्याला मार लागला की पोहणं राहून जातं.

ब्रिटनमध्ये बुडणाऱ्यांना वाचवायचं हेच काम आर.एन.एल.आय. (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन) ही संस्था १८२४ पासून करते आहे. तिच्या बोटींवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक, आणि खर्च मुख्यतः देणग्यांवर चालतो. पण बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघणाऱ्या त्या माणसांना प्रशिक्षण मिळतं, अंगावर नीट पोशाख असतो, बोट अशा कामासाठीच बांधलेली असते. आमचा नाखवा निघतो तो जाळ्याच्या होडीतून, स्वतःचं डिझेल जाळून. बुडालेली रोजी कुणी भरून देत नाही. म्हणून मी म्हणतो, आम्हाला पगार नको. प्रत्येक कोळीवाड्याच्या जेट्टीवर दोर, बोये, जॅकेटं आणि बोटींशी बोलायचा एक व्हीएचएफ रेडिओ संच ठेवा, जाणाऱ्याचा विमा उतरवा, वर्षातून एकदा तरी प्रथमोपचार शिकवा. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळालं. पाण्यातून माणूस काढणाऱ्यालाही तितक्याच स्पष्ट शब्दांत ते मिळायला हवं.

आणि तुम्ही काय करायचं, हेही विचारता. पुलावर किंवा काठावर असताना कुणी पाण्यात दिसलं तर ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावा. जागा नेमकी सांगा, पुलाच्या कितव्या खांबाजवळ तेसुद्धा. बरोबर कुणी असेल तर त्याला मोबाइल खिशात ठेवून त्या माणसाकडे सतत हात दाखवत उभं राहायला सांगा. होडीतून लाटांमधलं डोकं दिसत नाही, वरून दिसतं.