हळदीचा डाग, सरसाची बादली आणि पुराची रेघ

हळदीनं फोटो छापता येतो असं सांगितलं की सांगलीत तरी कुणाला फार नवल वाटत नाही. मार्केट यार्डात एका हमालमामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "छापंल की, आमच्या बनियनवर रोज छापतीय." आणि खरं सांगायचं तर सगळी किमया तेवढीच आहे, कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला ती माहिती असते. हळदीचा डाग साबण लावला की लालभडक होतो आणि तोच कपडा उन्हात टाकला की डाग उडतो. बास. यातलं ऊन आधी आणि साबण नंतर असं उलटं केलं की झाला फोटो.

गेली काही वर्षं माझं स्वतःचं म्हणून जे काम चाललंय ते हेच, हळदीचे ठसे. त्याला अँथोटाइप म्हणतात, फुलापानांच्या रसावर उन्हानं चित्र उमटवायचं. जॉन हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1842 साली याचे प्रयोग छापले, निळे सायनोटाइप, म्हणजे उन्हातच उमटणारे निळे ठसे, निघाले तेही त्याच वर्षी त्याच माणसाकडून. हर्शेलनं हळद वापरली होती का यात मला पडायचं नाही, पण आपल्याकडं इतकी हळद असताना मी बीटरूट किसत बसणार नव्हते.

कृती सांगते, कारण इन्स्टावर रोज कुणीतरी विचारतंच. हळकुंडं कुटून घ्यायची (पुडीतली हळदपण चालते, पण मला अडत दुकानातून निवडून आणलेल्या हळकुंडाचा रंग जास्त आवडतो, असेल मनाचा खेळ), ती स्पिरिटमध्ये भिजवायची आणि फडक्यातून गाळायची. स्पिरिट म्हणजे फ्रेंच पॉलिशवाले वापरतात ते. मी ते मिरजेहून आणते, कारण सतारमेकर गल्लीत माझं येणंजाणं असतं आणि तिथं चपडा लाख विरघळवायला ते लागतंच. फक्त गॅसजवळ हा उद्योग करू नका, भडका उडतो. मग जाड कॉटनच्या कागदावर रुंद ब्रशनं दोन हात मारायचे आणि अंधाऱ्या खोलीत वाळवायचं. माझी अंधारी खोली म्हणजे कोठीची खोली, तिथं लोणच्याच्या बरण्यांवर कागद वाळत असतात आणि आई रोज बडबडते.

वाळलेल्या कागदावर पान ठेवा, नाहीतर पारदर्शक शीटवर प्रिंट काढलेला फोटो ठेवा. निगेटिव्ह नाही, साधा पॉझिटिव्ह, कारण इथं ऊन रंग उडवतं, जिथं सावली तिथं पिवळं राहतं. वर काच, कडेला चिमटे, आणि गच्चीवर. एप्रिलच्या सांगलीच्या उन्हात दोनतीन तास पुरतात, ढग असले तर दिवस जातो. काच उचलली की कागदावर काहीच दिसत नाही म्हणा, पिवळ्यावर फिकट पिवळं, बघणारा म्हणतो हे काय. मग साबणाच्या जागी टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्याचा फवारा मारायचा. कडेपासून सुरू होतं, पिवळ्याचं नारिंगी आणि नारिंगीचं विटकरी, कडुलिंबाच्या पानाचे दाते एकेक करून वर येतात, देठापाशी जिथं पान काचेला नीट चिकटलं नव्हतं तिथली कड पुसट राहते. शेजारच्या काकू पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं हे तर कुंकू करायची रीत की." त्यांच्या माहेरी हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून घरी कुंकू करत. म्हणजे मी यूट्यूबवर जे शिकले ते भिंतीपलीकडं होतंच.

आता दुसऱ्या बाजूचं सांगते, पोटाचं. हळदीचे ठसे विकून घर चालत नाही. शाळांच्या गॅदरिंगचे पडदे, गणपती मंडळांचे देखावे, कॅफेच्या भिंती, हळद पावडरच्या पाकिटांची डिझाइनं, लग्नपत्रिकेवर नवरानवरीचं कार्टून, हे सगळं मी करते. लोक विचारतात तुम्ही नक्की करता काय, पेंटर का फोटोग्राफर का डेकोरेशनवाल्या? एका ठिकाणी तर पॅनेलवर बोलायला बोलावलं आणि परिचय करून देताना त्या भल्या माणसानं "हौशी" म्हणून मोकळं केलं. मनात म्हटलं हौशी माणूस एवढ्या उधाऱ्या वसूल करत फिरतो होय. (एका मंडळाकडं दोन गणपतींचे पैसे अजून अडकलेत, नाव घेत नाही, बाप्पा बघून घेईल.)

मला याचा राग येतो तो वेगळ्याच कारणानं. एका चित्रकारानं एकच करायचं ही आपल्या भागातली पद्धतच नाही मुळात. बाबूराव पेंटर बघा, कोल्हापूरचे, इथून तासादीड तासावर. नाटकाचे पडदे रंगवले, तैलचित्रं केली, शिल्पं केली, सिनेमा काढायचा म्हटल्यावर कॅमेरासुद्धा घरचाच उभा केला. त्यांना कुणी विचारलं का हो, तुमचं फील्ड कोणतं? साताऱ्याकडं औंधला गेलात तर यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय जरूर बघा, 1938 चं आहे, तिथं रविवर्मा आहे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं मायलेकरांचं दगडी शिल्पपण आहे. ते उभं करणारे भवानराव पंतप्रतिनिधी राज्य चालवत होते, स्वतः रामायणाची चित्रं काढत होते आणि वर सगळ्यांना सूर्यनमस्कार घालायला लावत होते. म्हणजे हे काही आत्ताचं खूळ नाही.

आणि माझ्यापुरतं तरी एका कामाचं उरलेलं दुसऱ्या कामात जातं. राज्य नाट्य स्पर्धेला आमच्याकडं सेटचं काम असतं, भावे नाट्यमंदिरात. फ्लॅटवर, म्हणजे सेटच्या लाकडी चौकटीवर, कापड ताणून सरस आणि व्हायटिंगचा (पांढऱ्या खडूच्या पुडीचा) हात मारायचा, वाळलं की टणक होतं. त्या सरसाच्या बादलीचा वास ज्याला माहिती आहे त्यालाच माहिती. पण त्याच सरसाचा पातळ हात कागदाला आधी दिला तर हळद आत न शोषता वर राहते आणि ठसा जास्त तेज येतो, हे मला सेट रंगवताना सुचलं. कुठल्या वर्कशॉपमध्ये सुचलं नसतं. त्यात सांगलीत नाटकाचं काम करताना माणूस उगीच फुशारतो, 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतेचं स्वयंवर रंगमंचावर आणलं म्हणून तो दिवस अख्ख्या महाराष्ट्रात रंगभूमी दिन झाला. त्याच 1843 मध्ये तिकडं इंग्लंडात अॅना अॅटकिन्स नावाची बाई समुद्रातल्या शेवाळाचे निळे ठसे काढून त्यांचं पुस्तक काढायला लागली होती. हे दोन्ही एकाच साली झालं याचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण माझी दोन्ही कामं एकाच वयाची निघाली म्हणून मला उगाच आनंद होतो.

तिसरं काम पुराचं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 च्या वर गेलं होतं, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ आहे. गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, बऱ्याच घरांत भिंतीवर लोकांनी स्वतः खूण करून ठेवलीय, ऑइलपेंटनं नाहीतर खिळ्यानं ओरखडून, खाली 2005 आणि त्याच्या वर 2019. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पुराची निळी रेषा लाल रेषा असते ती वेगळी, ही घराघरातली. मी पातळ कागद भिंतीवर धरून ग्राफाइटनं घासून त्या खुणेचा ठसा घेते. गिलावा फुगलेला असतो, पोपडे असतात, कुठं कॅलेंडरचा जुना खिळा, सगळं उमटतं. एका आजींकडं गेले तर त्या म्हणाल्या, "पितळी भांडी माळ्यावर टाकली हुती पोरी, आन माळाच पाण्यात गेला, आता रेघ कशाची काढतीस?" मग स्वतःच स्टुलावर चढून बोट ठेवून दाखवलं, हितं. आणि सून चहा घेऊन येईस्तोवर बोट काढलं नाही. त्या ठशात आजींच्या बोटाचीपण जागा आलीय, ग्राफाइट तिथं गेलंच नाही.

हळद आणि पूर ही माझी दोन वेगळी कामं होती. ती एकत्र आली हरिपुरात. कृष्णा वारणेच्या संगमापाशी हळद ठेवायची पेवं होती, जमिनीत खोल खड्डे, तोंड अरुंद आणि पोट मोठं, वर्षानुवर्षं हळद आत राहायची, कीड नाही काही नाही. आमचे मामा सांगतात की पेव उघडलं की आधी कंदील खाली सोडायचे, विझला तर कुणी उतरायचं नाही. 2005 च्या पुरात या पेवांत पाणी शिरलं आणि खूप हळद गेली, त्यानंतर तो सगळा कारभार गोदामं आणि कोल्ड स्टोरेजकडं वळला. 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे ही हळद इथलीच असं सांगणारं भौगोलिक मानांकन, मिळालं, पाकिटावर शिक्का आला. त्या पाकिटाचं डिझाइन मी करते आणि पेव मात्र पोरांना माहिती नाही, हे मला बरं वाटेना. म्हणून आता पेवांचे जुने फोटो हळदीतच छापतेय.

यातली मोठी गोम म्हणजे हे ठसे टिकत नाहीत. फिक्स करायची काही सोय नाही, ज्या उन्हानं चित्र केलं तेच ऊन ते खाऊन टाकतं, ट्यूबलाइटपण हळूहळू खाते. एका डॉक्टरांनी क्लिनिकसाठी घेतला आणि विचारलं गॅरंटी किती वर्षांची. म्हटलं डॉक्टर, तुम्ही देता का? हसले आणि घेतला. आता मी प्रत्येक फ्रेमवर खणाचा छोटा पडदा लावून देते, बघायचं तेव्हा वर करा. हे लोकांना भलतंच आवडलंय, देव्हाऱ्यासारखं वाटतं म्हणे. काहीजण म्हणतात स्कॅन करून कॅनव्हासवर मोठी प्रिंट द्या, कायमची राहील. देते की, पैसे मिळतात, पण त्यावर सही करत नाही.

तर काम असं आहे की हरिपूर, सांगलीवाडी किंवा आसपास कुणाच्या घरी पेवाचा जुना फोटो असेल, पेव भरतानाचा उघडतानाचा, नाहीतर नुसतं शेजारी उभं राहून काढलेला आजोबांचा असला तरी चालेल, तर मला कळवा. मी घरी येऊन स्कॅन करून घेईन, फोटो तुमच्या हातातच राहील, हळद लागणार नाही. उन्हाळा संपायच्या आत मिळाले तर बरं, जूनमध्ये ढग आले की माझी गच्ची बंद. आणि कृपा करून नोव्हेंबरात फोन करू नका, स्पर्धेचं काम असतं, हात सरसात असतात. मेसेज टाका.