फ्रिजचा गांधार

परवा मंगळवारी दुपारी लाइट गेली आणि तिच्याबरोबर माझा सूरही गेला.

जेवणं झालेली, घरात कोणी नाही, शेजारच्या काकूंची झोपमोड नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलेलं. ऑल्टो सॅक्सोफोनवर एकच सूर लांबवत बसलो होतो. वाजवणारे याला लाँग टोन म्हणतात. आमची ही याला म्हैस म्हणते. त्या दिवशी गांधार असा काही लागला होता की मांडणीवरच्या ताटल्यासुद्धा माना डोलावत होत्या. तेवढ्यात लाइट गेली. पंखा रेंगाळत थांबला, फ्रिज एक हिसका देऊन गप्प झाला आणि माझा गांधार एकदम उघडा पडला. पंगतीत दोन्हीकडची माणसं उठून जावीत आणि आपण एकटेच भात कालवत बसलेले असावं, तसा.

मोबाइलवर ट्यूनर लावून पाहिला. काटा उजवीकडे, म्हणजे सूर चढा, चांगलाच. म्हणजे पाऊण तास मी फ्रिजच्या सुरात वाजवत होतो! आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, फ्रिज त्याच्या दुपटीनं, १०० वर घुमतो. पेटीची पांढरी पाच त्या सप्तकात ९८ला असते. दोनाचा तर फरक. पण इतक्या खाली दोन म्हणजे अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा. ऑल्टोचा सा काळी दोनचा, त्यामुळे पांढरी पाच हा त्याचा गांधार. बिचाऱ्या फ्रिजला यातलं काही ठाऊक नाही. त्यात सांगलीतला एप्रिल. नळीतली हवा तापली की सॅक्सोफोन आपोआप चढतो. (पितळ प्रसरण पावतं म्हणून चढतो, असं सांगणारे भेटतात. पितळ प्रसरण पावलं तर नळी लांबेल आणि सूर उतरेल. पण लग्नघरात कोणाशी वाद घालावा?)

लग्नघरावरून आठवलं. गावभागात आमच्या मागच्या बोळात एक बँडमास्तर राहायचे. दुपारी ओट्यावर बसून रीड, म्हणजे माउथपीसला लावायची वेताची पातळ पट्टी, तोंडात धरून भिजवायचे आणि ती तशीच ठेवून बोलायचे. त्यामुळे मास्तरांचं निम्मं बोलणं आम्हा पोरांना कळायचं नाही, आणि बहुतेक ते शिव्यांचं निम्मं असावं. माउथपीस जिथे बसतं तिथलं बूच झिजून सैल झालेलं, त्यावर कालच्या पेपरचा कपटा गुंडाळलेला. माउथपीस आत सारलं की सूर चढतो, बाहेर ओढलं की उतरतो. मास्तरांचा सूर त्या दिवशीच्या कपट्यावर अवलंबून.

मे महिन्यातल्या वरातीत मी त्यांची पेटी धरून चालायचो. पेटी म्हणजे वाद्य ठेवायची, रिकामी, पण ऐट भरलेली. मागे हातगाडीवर बेंजो. टळटळीत दुपार. मास्तर चालता चालता माउथपीस बाहेर ओढत राहायचे आणि मागच्या पोराकडे बघून खेकसायचे. एकदा मी विचारलं तर रीड काढून म्हणाले, "अरं बारक्या, उन्हात पितळ चढतंय आणि तार उतरतीया. ते पोरगं खुट्ट्या पिळतंय तवर नवरदेव मारुतीला पोचतोय."

मग ते एक गंमत करायचे. बेंजो अगदीच खाली गेला की हळूहळू मागे येत गाडीला खेटून चालायचे आणि जीव खाऊन फुंकायचे. जोरात फुंकलं की सॅक्सोफोन थोडा उतरतो. लोकांना वाटायचं मास्तर रंगात आले. नोटा उडायच्या, मामा नाचायचे. आणि मास्तर घामाघूम होऊन, गाल फुगवून, त्या पोराच्या बेंजोपाशी उतरत असायचे. हे मला कळायला तीस वर्षं आणि स्वतःचा सॅक्सोफोन लागला.

तोही सेकंडहँड. सुरात वाजवायचं म्हणजे बोटं योग्य जागी ठेवायची, असं पेटीवाल्यांना वाटतं. इथे सगळी बोटं उचलली की जो सूर निघतो तो उतरा लागतो, आणि त्याच्या लगेच पुढचा, सगळी बोटं दाबून निघणारा, चढा. एका भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, पण तोंड न बघणाऱ्या जावा. अॅडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली पॅरिसला पेटंट घेतलं, पण या दोघींची समजूत काढायचं राहूनच गेलं. ते काम अजून ओठांकडे आहे. एकीला गोंजारा, दुसरीला जरा सैल सोडा.

एकट्यानं तानपुऱ्याबरोबर वाजवताना हे जमतं. तानपुरा मिरजेचा. सतारमेकर गल्लीत तो घ्यायला गेलो तेव्हा कारागिरानं तारेखाली दोरा सरकवत सरकवत जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढली, आणि एका जागी खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गांधार आपसूक बोलायला लागला. तो गांधार पेटीच्या गांधारापेक्षा किंचित खाली असतो, अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याइतका. आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं ते याच पेटीशी न पटणाऱ्या सुरांपायी. माणूस डेप्युटी कलेक्टर होता. जमिनीची मोजणी झाल्यावर सुरांची घेतली असावी.

मी मात्र आठवडाभर तो मिरजेचा गांधार घोटतो आणि रविवारी विश्रामबागेत आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात जाऊन बसतो. कीबोर्डवर पंचविशीतला मुलगा. पांढरी सहा देतो, ४४०, त्यावर आम्ही सगळे मिळवून घेतो. इथवर ठीक. मग मी माझा गांधार लावतो आणि तो मान न वळवता म्हणतो, "काका, जरा खाली वाटतंय." तरी मी खाली नसतो हो. मी मिरजेत असतो. पण कीबोर्ड जागचा हलत नाही, टेनरवाला कीबोर्डला धरून, बासवाला टेनरला धरून. चहाच्या वेळी मी एकदा देवलांचा विषय काढला होता. सगळ्यांनी बिस्किटं संपवली.

सुरुवातीला राग यायचा. आता गांधार आला की मी ओठ किंचित आवळतो, आणि तेवढ्या एका सुरापुरता मिरजेहून विश्रामबागेला येतो. सहा-सात किलोमीटरच तर आहे. फक्त तेवढ्यात ते हातगाडीला खेटलेले फुगीर गाल दिसतात, आणि सम चुकते.

तर, मंगळवारी साडेपाचला लाइट आली. फ्रिजनं घसा साफ केला आणि मघाच्याच सुरावर, तसूभरही न हलता, सुरुवात केली. सॅक्सोफोन पुसून ठेवला होता. कोथिंबीर निवडता निवडता मी नुसतं गुणगुणलो. चढाच लागला. लागू दिला.

फ्रिज आता जुना झालाय, दार नीट बसत नाही, दूध नासतं. ही म्हणते, नवा इन्व्हर्टरवाला घेऊ, त्याला आवाज जवळजवळ नसतोच. दुकानात जाऊन बघूनही आलो.

मी अजून हो म्हटलेलं नाही.